वाचक विचारतात : फुप्फुसाच्या कॅन्सरची नवी औषधं, कोणासाठी आणि कधी?

मागच्या अंकात म्हटलं होतं की फुप्फुसाच्या कॅन्सरवर पुढे काय औषधं येतायत याबद्दल प्रश्न पाठवा, तर इनबॉक्स भरूनच गेला. बऱ्याच जणांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत. ते बघितले, पण त्यावर इथे उत्तर देणार नाही. मी डॉक्टर नाही, औषधांच्या चाचण्यांच्या कामात होते, त्यामुळे औषध कसं तयार होतं, कुठे अडतं आणि आपल्यापर्यंत यायला इतका वेळ का लागतो एवढंच बोलू शकते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, गाव ठेवलंय.

ताई, बाबा ६२ वर्षांचे, आयुष्यात विडी-सिगरेटला हात नाही लावला. आधी टीबी समजून गोळ्या चालल्या, मग बायोप्सीत अडेनोकार्सिनोमा निघाला, स्टेज चार. डॉक्टर म्हणतात जीन टेस्टचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील, थांबू. घरचे म्हणतात थांबायचं कशाला, किमो चालू करा. मला वाटतं परदेशातलं काही नवीन औषध मागवावं. काय करू? — सांगली

टीबी समजून वेळ जाणं आपल्याकडे फार होतं हो, एक्सरेत दोन्ही सारखं दिसू शकतं, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका.

आता थांबण्याबद्दल. अडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. नवीन औषध मागवायचं म्हणता, पण कोणतं ते त्या रिपोर्टशिवाय ठरतच नाही. गेफिटिनिब नावाची गोळी होती, २००२ मध्ये जपानमध्ये आणि २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ईजीएफआर नावाचं एक प्रोटीन बंद करायची. सरसकट सगळ्या पेशंटना दिली तर मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं काही दिसेना, २००५ मध्ये अमेरिकेने ती नव्या पेशंटना देणं जवळजवळ बंदच केलं. पण काही जणांना, त्यात सिगरेट न ओढणारे आणि आशियातले जास्त, त्यांना चक्क खोकला थांबून माणूस उठून बसायचा. २००४ मध्ये कारण कळलं, त्या लोकांच्या गाठीत ईजीएफआर जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बिघाड होता. मग पूर्व आशियात बाराशेवर पेशंटची एक चाचणी झाली, २००९ ला छापून आली, तिच्यात म्युटेशन असलेल्यांना गोळी किमोपेक्षा भारी पडली आणि म्युटेशन नसलेल्यांना तीच गोळी किमोपेक्षा चांगलीच वाईट ठरली. म्हणजे औषध तेच, कंपनी तीच, आणि टेस्ट न करता दिलं असतं तर बऱ्याच लोकांचं नुकसान.

तेव्हापासून या आजाराची औषधं शोधायची पद्धतच बदलली. आता फुप्फुसाचा कॅन्सर असा एक आजार कोणी धरतच नाही, ईजीएफआरवाला, एएलकेवाला, आरओएस-वन, रेट, मेट, एचईआर-टू, केरास, असे बिघडलेल्या जीनच्या नावाने तुकडे पडलेत आणि प्रत्येक तुकड्याचं औषध वेगळं. आपल्याकडे अडेनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एकाला ईजीएफआर सापडतं, गोऱ्या लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त. एएलके असलेले थोडेच, शंभरात तीन ते पाच, पण ते मिळालं तर लोर्लाटिनिब नावाच्या गोळीवर पाच वर्षांनीही ६० टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता, जुन्या गोळीवर हेच ८ टक्के होतं. स्टेज चारमध्ये असा आकडा पूर्वी कोणी बोललाच नसता.

आणि एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा. रिपोर्ट यायच्या आधी घाईत इम्युनोथेरपी (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी इंजेक्शनं) दिली आणि नंतर ईजीएफआर निघालं तर पुढे त्यावरची ओसिमर्टिनिब गोळी सुरू करताना फुप्फुसाला सूज यायचा धोका वाढतो, म्हणून बरेच डॉक्टर थांबतात, टाळाटाळ म्हणून नाही. बाबांना दम फारच लागत असेल, पाणी साचत असेल तर ते पाणी काढणं किंवा किमोची एखादी सायकल देणं हे रिपोर्टची वाट बघतानाही करता येतं. बायोप्सीचा तुकडा पुरला नाही म्हणाले तर रक्तावरून होणारी टेस्ट असते, लिक्विड बायोप्सी, तिच्याबद्दल विचारा. फक्त ती निगेटिव्ह आली म्हणजे म्युटेशन नाहीच असं नसतं.

आईची ईजीएफआरची गोळी सव्वा वर्ष मस्त चालली, आता स्कॅनमध्ये परत वाढलंय. हे इतके हुशार सायंटिस्ट कायमचं औषध का नाही काढत? की कंपन्यांनाच नकोय? — बारामती

कंपन्यांवर राग काढायला पुढे एक प्रश्न आहेच, तिथे मीही काढणारे. पण हे त्यांच्यामुळे नाही.

तुम्ही बारामतीचे म्हणजे हे पटकन कळेल. एकच तणनाशक दरवर्षी मारलं की त्याला दाद न देणारं तण तेवढं मागे उरतं आणि मग सगळ्या रानात तेच होतं. गाठीत कोट्यवधी पेशी असतात, त्यातल्या काही पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या असतात, काही गोळी चालू असताना बदलतात. गेफिटिनिब, एर्लोटिनिबवाल्यांमध्ये निम्म्याहून जास्त जणांत टी-७९०-एम नावाचा एक नवा बदल सापडायचा, तो हेरून ओसिमर्टिनिब बनवली, २०१५ ला अमेरिकेत मंजूर झाली, २०१८ पासून ती पहिल्यापासूनच द्यायला लागले. मग कॅन्सरने त्यावरही वाट काढली, कधी सी-७९७-एस, कधी मेट जीनच्या ढीगभर कॉपी, कधी तर कॅन्सर रूपच बदलतो आणि स्मॉल सेल नावाचा वेगळाच, भराभर वाढणारा प्रकार होतो. म्हणून आता आईची परत बायोप्सी करू म्हणाले तर नाही म्हणू नका. त्रास होतो मान्य आहे, पण आत्ता कोणता बदल झालाय ते कळल्याशिवाय पुढचं औषध म्हणजे अंदाजपंचे.

याच्या मागे मागे धावायचं सोडून आता सुरुवातीलाच दोन बाजूंनी मारायचं असं चाललंय, आणि यात आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम जगात गाजलेलं आहे हे फार लोकांना माहीतच नाही. त्यांनी ३५० पेशंट घेतले, अर्ध्यांना फक्त गेफिटिनिब, अर्ध्यांना गेफिटिनिब आणि सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची किमो. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला आणि एकूण आयुष्यही वाढलं. दोन्ही औषधं जुनी, त्यातली गोळी भारतात जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळणारी. त्रासही वाढला, गंभीर साइड इफेक्ट २५ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर, हे लपवायचं कारण नाही. पुढे हाच विचार ओसिमर्टिनिबबरोबर झाला, त्याचे एकूण आयुष्याचे शेवटचे आकडे २०२५ मध्ये आले, नुसत्या गोळीवर ३७.६ महिने आणि किमो जोडली तर ४७.५ महिने. दुसरीकडे अमिवांटामॅब हे इंजेक्शन आलंय, ते ईजीएफआर आणि मेट दोन्हीला एकदम पकडतं, लाझर्टिनिब गोळीबरोबर देतात, तिथेही आयुष्य वाढलं पण अंगावर पुरळ, नखं पिकणं, रक्ताच्या गुठळ्या हे सगळं सांभाळावं लागतं.

आणि गोळी थकल्यावर काय, तर एडीसी नावाचा प्रकार. किमोचं जहाल औषध अँटिबॉडीला बांधून पाठवायचं, अँटिबॉडी कॅन्सरच्या पेशीला चिकटली की आत जाऊन औषध सुटतं. डेटोपोटामॅब डेरुक्सटेकान हे त्यातलं एक, जून २०२५ मध्ये अमेरिकेत ईजीएफआरवाल्यांसाठीच मंजूर झालं, आधीची गोळी आणि किमो दोन्ही होऊन गेलेल्यांना. पुढची चार-पाच वर्षं या एडीसींचीच असणार असं मला वाटतं, पण सरसकट "फक्त कॅन्सरलाच मारतं" हे जाहिरातीतलं वाक्य खरं नाही, तोंड येणं, फुप्फुसाला सूज येणं हे यातही होतं.

रशियाने कॅन्सरची लस काढली, फुकट देणार, असा मेसेज फिरतोय. क्युबामध्ये तर फुप्फुसाच्या कॅन्सरची लस कधीपासून आहे म्हणे. खरं काय? — नाशिक

क्युबाची सिमावॅक्स खरीच आहे, हवानाच्या संस्थेने बनवलेली, तिथे पेशंटना देतात, अमेरिकेतही तिची चाचणी झाली. पण ती कॅन्सर घालवत नाही, काही जणांत थोडे महिने वाढतात इतकंच. रशियाचं म्हणाल तर फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर मोठी चाचणी करून आकडे मांडलेत असं काही नाही, बातमी आहे फक्त.

ज्याकडे मी लक्ष ठेवून आहे ते वेगळं. ऑपरेशन करून काढलेली गाठ घ्यायची, तिच्यातली म्युटेशन वाचायची आणि त्या एकाच पेशंटसाठी एमआरएनए लस बनवायची, कोव्हिडच्या लशींचंच तंत्र. मॉडर्ना आणि मर्क यांची अशी लस फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मोठ्या, चाचणीत आहे, पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनबरोबर, ऑपरेशन झालेल्यांना आजार परत येऊ नये म्हणून. म्हणजे तीसुद्धा स्टेज चारच्या माणसाला बरं करणारी लस नाही. मेसेज पुढे पाठवू नका, त्यावर विश्वास ठेवून लोक चालू ट्रीटमेंट सोडतात, पाहिलंय मी.

मी बी फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात आता एआय दोन वर्षांत औषधं काढेल. मग या क्षेत्रात काम उरणार का? — पुणे

उरणार बाबा, भरपूर उरणार.

केरास बघ. माणसाच्या गाठीत हा जीन बिघडलेला असतो हे १९८२ पासून माहीत आहे. पण प्रोटीन इतकं गुळगुळीत की औषधाला चिकटायला खाच सापडेना, तीस वर्षं लोक म्हणायचे याला औषध होऊच शकत नाही. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबने जी-१२-सी या एका प्रकारात अशी खाच दाखवली, २०२१ च्या मे महिन्यात त्यावरची सोटोरासिब गोळी मंजूर. खाच सापडल्यापासून आठ वर्षं, हे खूप फास्ट समजतात. आता केरास आणि त्याची भावंडं, म्हणजे सगळ्याच रास प्रकारांना धरणारी औषधं चाचणीत आहेत, डॅराक्सोनरासिब हे नाव लक्षात ठेव, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे.

आता यात एआयमुळे किती वेळ वाचला असता? प्रोटीनचा आकार ओळखायचं काम अल्फाफोल्ड नावाचा एआय करतो, तो बनवणाऱ्यांना २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटाही मिळाला, रेणू सुचवायचं काम भराभर होतं, सुरुवातीची काही वर्षं वाचतील हे मला मान्य आहे. पण पेशंट जास्त जगतो का हे बघायला पेशंट जगेपर्यंत थांबावंच लागतं ना. आणि माणसाच्या शरीरात जाऊन आपटणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. टिजिट नावाचं टार्गेट घे, प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचा एक ब्रेक, कागदावर सुंदर, दुसऱ्या टप्प्यात आकडे छान, त्यावर मोठमोठ्या कंपन्यांनी पैसा ओतला, आणि रोशच्या टिरागोलुमॅबच्या तिसऱ्या टप्प्यात आयुष्य वाढल्याचं सिद्धच झालं नाही, मर्कनेही आपलं थांबवलं. कुठल्या कॉम्प्युटरने हे आधी सांगितलं नाही.

अजून एक, जे कॉलेजात फारसं शिकवत नाहीत. डोस. जुन्या किमोच्या जमान्यात सहन होईल तेवढा जास्तीत जास्त डोस द्यायचा असं गणित होतं, तेच नव्या गोळ्यांना लावत गेले. सोटोरासिब ९६० मिलिग्रॅमने मंजूर झाली पण अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी संस्था) कंपनीला २४० मिलिग्रॅमशी तुलना करायला लावली, आणि त्याच वर्षी प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू केलं, की आधी योग्य डोस शोधा मग मंजुरीला या. भारतासारख्या देशात करिअर करायचं असेल तर हा विषय सोन्याचा आहे, का ते पुढच्या उत्तरात.

इम्युनोथेरपीचा एक डोस लाखाच्या वर सांगितलाय, दर तीन आठवड्यांनी. जमीन विकायची का? आणि ही नवीन नवीन औषधं आमच्यासारख्यांना कधी परवडणार? — परभणी

दादा, जमीन विकायच्या आधी एक करा, पीडी-एल-वन (गाठीतलं एक प्रोटीन, ते जास्त असेल तर इम्युनोथेरपी जास्त लागू पडते) आणि जीन टेस्ट दोन्ही झाल्यात का आणि या औषधाने तुमच्या पेशंटला किती फायदा अपेक्षित आहे हे डॉक्टरांना सरळ आकड्यात विचारा. पीडी-एल-वन ५० टक्क्यांच्या वर असलेल्यांमध्ये पेम्ब्रोलिझुमॅबवर पाच वर्षांनी जवळपास ३२ टक्के लोक जिवंत होते, किमोने सुरू केलेल्यांत १६ टक्के. म्हणजे फायदा मोठा, पण तीनातल्या दोघांना तरी तो पाच वर्षं पुरला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. ईजीएफआर किंवा एएलके निघालं तर या इंजेक्शनचा उपयोग बहुतेक वेळा कमीच.

आता डोसचं. टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये (तोंडाचा वगैरे) निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, देऊन बघितलं, नेहमी दर दोन आठवड्यांनी २४० देतात. सोबत स्वस्त गोळ्या होत्या. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं ते ४३ टक्क्यांवर गेलं. हे डोक्या-मानेचं आहे, फुप्फुसाला जसंच्या तसं लावता येत नाही, तुम्ही हट्ट धरून डोस कमी करून घेऊ नका. पण विचार करा, हा प्रयोग कुठल्या कंपनीने केला असता का? कमी औषध विकायची चाचणी कंपनी स्वतःहून कशाला करेल. ती सरकारी पैशाने, देणगीने, आपल्या हॉस्पिटलांनीच करायला लागणार, आणि माझं स्पष्ट मत आहे की भारतासाठी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या औषधांचं भविष्य नव्या रेणूंइतकंच या असल्या चाचण्यांत आहे. यावर पैसा लावणारे फार कमी आहेत, राग येतो तो इथे.

बाकी सरकारकडून थोडंफार झालंय. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये ओसिमर्टिनिब, डुर्वालुमॅब आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या तिघांवरची कस्टम ड्यूटी काढली. २०१९ मध्ये ४२ कॅन्सर औषधांवर विक्रीतल्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तेव्हा काही गोळ्या खूपच उतरल्या. नॅशनल कॅन्सर ग्रिडची हॉस्पिटलं एकत्र खरेदी करतात त्यामुळे तीच औषधं तिथे बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात. तुमचं हॉस्पिटल ग्रिडमध्ये आहे का विचारा, तिथल्या सोशल वर्करला भेटा, कंपनीची पेशंट स्कीम आणि सरकारी योजना दोन्हीची माहिती तिथेच मिळते. काउंटरवरच्या माणसाला नका विचारू.

भावाला स्मॉल सेल झालाय, सगळे नवीन औषधांचं बोलतात पण आमचे डॉक्टर म्हणतात यात तीस वर्षांत काही बदललं नाही. — मडगाव

बरीच वर्षं हे खरंच होतं. प्लॅटिनम आणि एटोपोसाइडची किमो, तेच ते. २०१९ मध्ये त्यात इम्युनोथेरपी जोडली तर सरासरी दोनेक महिने वाढले.

आता मात्र एक दार उघडलंय. टार्लाटामॅब नावाचं इंजेक्शन, त्याचं एक टोक कॅन्सरच्या पेशीवरच्या डीएलएल-थ्री नावाच्या प्रोटीनला धरतं आणि दुसरं आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशीला, दोघांना समोरासमोर आणून उभं करतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नंतरच्या मोठ्या चाचणीत, पहिल्या किमोनंतर आजार परत आलेल्यांमध्ये, आयुष्य ८.३ महिन्यांवरून १३.६ महिने. सुरुवातीच्या डोसनंतर ताप, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं म्हणून हॉस्पिटलात नजरेखाली ठेवतात. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, राग नाही येणार त्यांना.

आईला ट्रायलमध्ये घेऊ म्हणतायत. आमच्यावर प्रयोग करणार का? — मुलुंड

प्रयोग हाच आहे, लपवण्यासारखं काही नाही. पण कॅन्सरमध्ये उपचार उपलब्ध असताना नुसती साखरेची गोळी देऊन बसवत नाहीत, मोठ्या चाचण्यांत बहुतेक वेळा एका गटाला सध्याचे चालू उपचार आणि दुसऱ्याला नवे, असं असतं, आणि कोणत्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी वेबसाइटवर चाचणीची नोंद असते, नंबर मागून घ्या आणि बघा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते. संमतीचा कागद मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, आणि मधेच सोडायचा हक्क आईला आहे. चाचणी संपल्यावर औषध गुण देत असेल तर पुढे मिळणार का, हा प्रश्न लेखी विचारा, तो बहुतेक लोक विसरतात.

मिस्टर पंचवीस वर्षं रोज पाकीट ओढतात. कॅन्सर होऊच नये म्हणून काही गोळी निघतेय का? सध्या मी त्यांना व्हिटॅमिन चालू केलंय. — नागपूर

ताई, व्हिटॅमिनचं आधी. फिनलंडमध्ये २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीरात व्हिटॅमिन ए बनतं) देऊन बघितलं होतं, कॅन्सर कमी होईल या आशेने, १९९४ मध्ये निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतली अशीच चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवली.

होऊ नये म्हणून गोळी हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण ती निरोगी माणसाला वर्षानुवर्षं द्यायची. पण धागा सापडलाय. लंडनच्या चार्ल्स स्वाँटन यांच्या टीमने २०२३ मध्ये दाखवलं की आपल्या नॉर्मल फुप्फुसातही म्युटेशनवाल्या पेशी झोपून असतात आणि हवेतले बारीक कण सूज आणून त्यांना जागं करतात, इंटरल्युकिन-वन-बीटा हा त्यातला मुख्य दूत. गंमत म्हणजे कॅनाकिनुमॅब हे नेमकं तोच दूत अडवणारं औषध हृदयाच्या दहा हजार पेशंटना दिलं होतं, २०१७ मध्ये दिसलं की त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी निघाला. मग कॅन्सर झालेल्यांना देऊन बघितलं तर फेल. म्हणजे उशीर झाल्यावर उपयोग नाही, आधीच द्यायला हवं, पण कोणाला, हे ठरवायचं काम बाकी आहे आणि त्याला वेळ लागणार.

तोवर जे हातात आहे ते म्हणजे सिगरेट सोडणं, आणि कमी रेडिएशनचा सीटी स्कॅन. अमेरिकेत ५३ हजार जास्त सिगरेट ओढणाऱ्यांवर बघितलं तेव्हा साध्या एक्सरेच्या तुलनेत त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडे जुन्या टीबीच्या डागांमुळे स्कॅनमध्ये खोटे संशय जास्त निघतात, म्हणून जाहिरात बघून लॅबमध्ये जाऊन करू नका. मिस्टरांचं वय, रोज किती आणि किती वर्षं हे लिहून छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि त्या व्हिटॅमिनच्या बाटलीवर बीटा कॅरोटिन लिहिलंय का ते आजच बघा.